विणकामाचं कोणतं नवं पुस्तक घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुयांवरच्या विणकामाची नवी पुस्तकं बहुतेक इंग्रजीत निघतात आणि इथे पोचेपर्यंत महाग होतात. मुखपृष्ठं इतकी देखणी असतात की हात आवरत नाही. पैसे देण्याआधी पुस्तक कसं पारखावं, यावर विणणाऱ्या मैत्रिणींकडून आणि नव्याने शिकणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं.

व्हिडिओ फुकट मिळत असताना पुस्तक विकत कशाला घ्यायचं?

टाके कसे घालायचे, गळलेला टाका कसा उचलायचा, हे शिकायला व्हिडिओच बरा. हाताची हालचाल चित्रात नीट कळत नाही. पण स्वेटर विणायला बसलं की प्रश्न बदलतात. मुंढ्याला किती टाके कमी करायचे, गळा कोणत्या ओळीपासून सुरू करायचा, छाती दोन इंच जास्त असेल तर बाहीत काय फरक पडेल? याची उत्तरं हिशेबात असतात. तो हिशेब शेजारी उघडा ठेवून पेन्सिलने खुणा करत विणता येतो, म्हणून पुस्तक हवं. आणि ज्या पुस्तकात हा हिशेब नाही, त्यातले फोटो कितीही सुंदर असले तरी ते विकत घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. खालची बहुतेक उत्तरं याच एका कसोटीतून आलेली आहेत.

पुस्तक हातात आल्यावर सगळ्यात आधी काय पाहू?

फोटोंची पानं सोडून थेट मापांच्या आकृतीकडे जा. पाठ, पुढचा भाग आणि बाही यांची साधी रेषाकृती काढलेली असते आणि प्रत्येक बाजूला सेंटिमीटर किंवा इंच लिहिलेले असतात. अशी आकृती प्रत्येक स्वेटरला दिली असेल तर लेखकाने कष्ट घेतलेत असं समजा. ती नसेल, तर बाही मनगटापर्यंत येणार की कोपराच्या थोडी खाली थांबणार, हे तुम्हाला विणून झाल्यावरच कळेल. फोटोवर विसंबू नका. फोटोत मागच्या बाजूने चिमटे लावलेले असू शकतात, आणि मॉडेलने तिच्या मापाचाच स्वेटर घातलाय याचीही खात्री नसते.

दुसरी गोष्ट गेज. दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसल्या पाहिजेत, आणि ते कोणत्या विणीवर मोजायचं, हे तिन्ही लिहिलेलं हवं. हे किती महत्त्वाचं आहे ते आकड्यांत पाहा. पुस्तकात दहा सेंटिमीटरला २२ टाके आहेत आणि छातीचा घेर १०२ सेंटिमीटर हवा आहे, म्हणून २२४ टाके घालायला सांगितलेत. तुमचा हात थोडा सैल आहे आणि तुमचे २० टाकेच बसतात. तेवढ्याच २२४ टाक्यांचा तुमचा घेर होईल ११२ सेंटिमीटर. दोन टाक्यांच्या फरकाने चाळीस इंची स्वेटर चव्वेचाळीस इंची झाला. ओळींचा आकडा अनेक पुस्तकं गाळतात, आणि ते जास्त त्रासाचं ठरतं. वरून खाली विणायच्या रॅगलन स्वेटरमध्ये, म्हणजे ज्याच्या बाह्या तिरक्या रेषेत गळ्यापर्यंत जातात त्यात, मुंढ्याची खोली ओळींवरच अवलंबून असते.

तिसरी गोष्ट मापांचा पल्ला. जुनी पुस्तकं छाती ३२ ते ४२ इंचांवर थांबायची. गेल्या काही वर्षांत चांगले प्रकाशक साठ इंचांपर्यंत जाऊ लागलेत, आणि हे फार बरं झालं. पण नुसते आकडे पाहून भुलू नका. मोठ्या मापांत फक्त रुंदी वाढवली असेल आणि मुंढ्याची खोली, बाहीचा घेर तसाच ठेवला असेल, तर ते माप नावापुरतंच आहे. आकृतीत सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या मापाची बाही ताडून पाहा, लगेच लक्षात येईल.

शिवाय 'अंगाचं माप' आणि 'तयार वस्तूचं माप' असे दोन वेगळे आकडे दिलेत का तेही बघा. स्वेटरला अंगापेक्षा किती सैलपणा ठेवलाय हे त्यातूनच कळतं. शेवटी, जिथे प्रकाशक आणि छपाईची माहिती असते त्या पानावर नमुने तपासणाऱ्या तांत्रिक संपादकाचं नाव आहे का ते पाहा. नाव असेल तर कुणीतरी आकडे तपासलेत.

ऑनलाइन घेताना पुस्तक चाळता येत नाही. मग कसं ठरवू?

रॅव्हलरी हे विणणाऱ्यांचं संकेतस्थळ २००७ पासून आहे आणि खातं उघडायला पैसे लागत नाहीत. तिथे पुस्तकाचं नाव टाकलंत की त्यातले नमुने दिसतात, गेज, सुई आणि लोकरीसकट. खरा ऐवज असतो तो लोकांनी त्याच नमुन्यावरून विणलेल्या वस्तूंच्या फोटोंत. साध्या घरच्या उजेडात, वेगवेगळ्या अंगांवर तो स्वेटर कसा दिसतो ते पाहा. खाली विणणाऱ्यांनी लिहिलेलं असतं की गळा फार रुंद झाला, लोकर सांगितल्यापेक्षा जास्त लागली. पुस्तक अगदी नवं असेल तर असे फोटो कमी असतील. अशा वेळी थोडे महिने थांबायला काय हरकत आहे?

प्रकाशकाच्या किंवा लेखिकेच्या संकेतस्थळावर दुरुस्त्यांची यादी असते, तीही वाचा. विणकामाच्या पुस्तकात आकडे हजारोंनी असतात, चुका राहतातच. यादी आहे म्हणजे पुस्तक वाईट, असं नाही. उलट चुका मान्य करून छापणारा प्रकाशक मला जास्त भरवशाचा वाटतो.

पुस्तकात सांगितलेली लोकर आपल्याकडे मिळतच नाही. त्या पुस्तकाचा उपयोग काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं उत्तर सविस्तरच द्यायला हवं. पुस्तकात शेटलंडची नाहीतर आइसलंडची लोकर असते. आपल्याकडच्या दुकानात लोकर म्हणून जे मिळतं ते बहुतांशी अ‍ॅक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा असतं, बरंचसं लुधियानाहून आलेलं. म्हणून बघायचं ते हे, की पुस्तक लोकरीचं नुसतं नाव सांगतं की तिचं वर्णन करतं. किती ग्रॅमला किती मीटर, कशाची बनलेली, किती जाड, हे लिहिलेलं असेल तर ते पुस्तक तुम्हाला नागपुरातही चालेल आणि टोरांटोतही.

वजनावर कधीही लोकर घेऊ नका, मीटरवर घ्या. समजा पुस्तकाला ५० ग्रॅमचे सहा गुंडे हवेत आणि प्रत्येकात ११५ मीटर आहेत, म्हणजे एकूण ६९० मीटर. तुमच्या गुंड्यात १०० ग्रॅमला २५० मीटर असतील तर तीन गुंडे पुरतात आणि थोडं उरतं. अ‍ॅक्रिलिक खऱ्या लोकरीपेक्षा हलकं असतं, त्यामुळे तेवढ्याच वजनात लांबी जास्त भरते.

पण लांबी जुळली म्हणजे सगळं जुळलं असं होत नाही. जाळीच्या शाली खऱ्या लोकरीत विणून भिजवतात, टाचण्यांनी ताणून वाळवतात, तेव्हा त्यांची जाळी उघडते आणि तशीच राहते. अ‍ॅक्रिलिक नुसत्या पाण्याने ताणलेलं राहत नाही, आणि वाफ जास्त बसली तर ते कायमचं लुळं पडतं. म्हणून इथल्या लोकरीवर काम करणार असाल तर शालींचं पुस्तक घेण्याआधी दोनदा विचार करा. सुती धाग्याची गोष्ट निराळी. त्याला लवचिकपणा नाही, एक सुलट एक उलट अशी पट्टी सैल पडते, आणि मोठा स्वेटर स्वतःच्या वजनाने लांबतो. मुंबई-कोकणच्या हवेत सुतीच बरं वाटतं, तेव्हा खास सुती धाग्यासाठी आखलेल्या नमुन्यांचं पुस्तक शोधा. लोकरीसाठी लिहिलेला नमुना सुतात चालवू नका.

जाड वेण्या, सुलट-उलट टाक्यांचे उठावदार नमुने आणि साधे रंगीत पट्टे अ‍ॅक्रिलिकमध्ये छान दिसतात. अशा विणींचं पुस्तक इथे पैसे वसूल करून देतं.

आठ नंबरची सुई म्हणजे नक्की कोणती?

आपल्या दुकानांत सरळ सुयांना जुने ब्रिटिश नंबर चालत आलेत. त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. अमेरिकेत बरोबर उलटं. आपली आठ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, अमेरिकी आठ नंबरची ५ मिलिमीटरची. आपली दहा नंबर ३.२५ मिलिमीटर, अमेरिकी दहा नंबर ६ मिलिमीटर. हा घोळ टाळायला पुस्तकात मिलिमीटर लिहिलेत ना, एवढंच बघा. फक्त नंबर देणारं पुस्तक आज कुणी छापत असेल तर ते घेऊ नका.

आणखी एक. नवी पुस्तकं गोल सुई, म्हणजे मधे लवचिक तार असलेली, गृहीत धरतात. सरळ दोन सुयांवर पाठ-पुढा वेगळे विणून शिवायची सवय असेल तर पुस्तकाच्या किमतीत एक-दोन गोल सुयांची किंमतही धरा. जयपूरच्या निटप्रोच्या सुया जगभर वापरल्या जातात आणि त्यांवर मिलिमीटर छापलेले असतात.

ब्रिटिश पुस्तक घ्यावं की अमेरिकी?

विणकामात फरक थोडा आहे. ब्रिटिश 'टेन्शन' म्हणतात तेच अमेरिकी 'गेज', ब्रिटिश 'कास्ट ऑफ' म्हणजे अमेरिकी 'बाइंड ऑफ', दोन्हीकडे टाके बंदच करायचे. क्रोशाचे नमुनेही असतील तर मात्र सावध राहा. ब्रिटिश डबल क्रोशे हाच अमेरिकी सिंगल क्रोशे आहे, आणि हे न पाहता सुरुवात केली तर वस्तू भलत्याच आकाराची होते.

इतक्या प्रकारच्या पुस्तकांतलं पहिलं कोणतं घ्यावं?

ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. तयार नमुन्यांचे संग्रह, विणींचे कोश आणि पद्धत शिकवणारी पुस्तकं. दुकानात पुढे मांडलेले असतात ते संग्रह, कारण फोटो तिथे असतात. वीस नमुन्यांच्या संग्रहातले दोन-तीन विणले जातात आणि पुस्तक कपाटात जातं. म्हणून माझा क्रम उलटा आहे. आधी पद्धत, मग कोश, आणि संग्रह शेवटी, तोही त्यातले निदान चार नमुने आपण नक्की विणू असं वाटलं तरच.

पद्धतीच्या पुस्तकांत एलिझाबेथ झिमरमन यांचं 'निटिंग विदाउट टीअर्स' १९७१ सालचं आहे आणि अजून विकलं जातं. यात फोटो जुनाट आहेत, रंग नाहीत. पण त्यांनी टक्केवारीचा जो हिशेब मांडला, त्याने कुठल्याही लोकरीत, कुठल्याही अंगाचा स्वेटर विणता येतो. छातीच्या घेराचे टाके शंभर टक्के धरायचे. मनगटाला साधारण वीस टक्के, बाहीच्या वरच्या भागाला साधारण एक तृतीयांश. घेराचे २०० टाके असतील तर मनगटाला ४० आणि वर ६६. स्वतःच्या टाक्यांचा एक तुकडा विणून मोजला की पुढचं सगळं बेरीज-भागाकार. लोकरीचं नाव जुळवत बसण्याची अडचणच संपते, आणि म्हणून आपल्याकडच्या विणणाऱ्यांना मी हे पुस्तक सगळ्यात आधी सुचवते.

इतका हिशेब करायचा कंटाळा असेल तर अ‍ॅन बड यांचं 'द निटर्स हँडी बुक ऑफ पॅटर्न्स' (२००२) पाहा. टोपी, मोजे, हातमोजे, बनियन, स्वेटर असे साधे प्रकार, आणि प्रत्येकाचे आकडे अनेक मापांत आणि अनेक गेजमध्ये तक्त्यात मांडलेले. आपलं गेज शोधायचं, आपलं माप शोधायचं, टाके घालायचे.

विणींच्या कोशात बार्बरा वॉकर यांचा पहिला खंड १९६८ चा. पाचशेहून अधिक विणी, पण फोटो काळे-पांढरे आणि सूचना ओळीओळीने लिहिलेल्या, आलेख (चौकोनांत चिन्हांनी मांडलेली वीण) नाहीत. नव्यांत नोरा गॉन यांचं वेण्यांच्या विणींचं पुस्तक (२०१६) मला फार आवडतं, कारण एका वेणीतून दुसरी कशी उपजते ते त्यात दिसतं. वेण्यांनी कापड आक्रसतं, त्याचा हिशेबही त्यांनी दिलाय. असा कोश एकदा घेतला की साध्या स्वेटरच्या आकड्यांत हवी ती वीण बसवता येते, आणि तो वर्षानुवर्षं पुरतो.

गाजलेल्या जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती घ्यावी का?

बहुतेक वेळा हो. जून हायेट यांचं 'द प्रिन्सिपल्स ऑफ निटिंग' १९८८ मध्ये आलं, मग मिळेनासं झालं आणि जुन्या प्रतींच्या किमती भरमसाट वाढल्या. २०१२ मध्ये सुधारित आवृत्ती आली. अ‍ॅलिस स्टारमोर यांच्या १९९७ च्या 'अरन निटिंग'चंही तेच झालं, ते २०१० मध्ये पुन्हा निघालं. अशा वेळी जुन्या प्रतीसाठी जादा पैसे मोजू नका. मात्र नव्या नावाखाली तोच मजकूर विकला जातो असंही घडतं. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये एकाच पुस्तकाची नावं वेगळी असू शकतात. लेखिका तीच असेल तर नमुन्यांची यादी ताडून बघा.

जपानी पुस्तकं अवघड असतात का?

वाचायला अवघड, विणायला तितकी नाहीत. जपानमध्ये विणकामाची चिन्हं ठरलेली आहेत, त्यामुळे सगळं आलेखात असतं आणि अक्षरं थोडीच असतात. हितोमी शिदा यांच्या २६० विणींच्या कोशाचं इंग्रजी भाषांतर २०१७ मध्ये आलं आणि त्यात चिन्हांची फोड सविस्तर आहे. विणी विलक्षण सुंदर आहेत. पण हे शिकाऊ हाताचं पुस्तक नव्हे. आधी आलेखावरून साधी जाळी आणि साधी वेणी विणून झालेली असावी.

इंग्रजी जेमतेम येतं. आईला भेट द्यायचं आहे, चालेल?

चालेल, पुस्तक आलेखांचं असेल तर. आलेख येत असेल तर इंग्रजी फारसं लागत नाही. लिखित नमुन्यातही पुन्हा पुन्हा येणारे संक्षेप थोडेच असतात. 'के' सुलट, 'पी' उलट, 'के२टॉग' म्हणजे दोन टाके एकत्र सुलट, 'वायओ' म्हणजे सुईवर धागा घेऊन वाढवलेला टाका. पुस्तकातल्या संक्षेपांची यादी मराठीत एका पुठ्ठ्यावर लिहून सोबत द्या, भेटीची किंमत दुप्पट होईल. वयस्कर माणसासाठी आलेखाचे चौकोन मोठे आहेत का, चिन्हं बारीक करड्या शाईत तर नाहीत ना, हे आधी तपासा. आणि ज्यांनी आयुष्यभर विणलंय त्यांना 'नवशिक्यांसाठी' पुस्तक देऊ नका. त्यांना नव्या विणी हव्या असतात.

ई-बुक चांगलं की छापील?

आलेख मोठा करून पाहायचा असेल तर टॅबलेटवरचं ई-बुक उत्तम. किंडलसारख्या ई-शाईच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर रंगीत नमुने मात्र कळत नाहीत. छापील घेणार असाल तर पान उघडं राहतं का ते पाहा, कारण दोन्ही हात सुयांवर असतात.

बाळंतविड्यासाठी वेगळं पुस्तक हवं का?

एक छोटं, नीट लिहिलेलं असावं. बाळाचे कपडे लवकर होतात, त्यामुळे त्यातले नमुने खरंच विणले जातात. मापं वयावर न देता छातीवर दिली आहेत का पाहा. तीन महिन्यांच्या बाळासाठी १६ इंच, सहा महिन्यांसाठी १७ इंच अशी साधारण प्रमाणं असतात. नवजात बाळाचं डोकं ३३ ते ३५ सेंटिमीटरच्या घेराचं असतं. बाकी अंगाच्या मानाने ते मोठं, म्हणून स्वेटर पुढून उघडा हवा नाहीतर खांद्यावर बटणं हवीत. बंद गळ्याचे नमुने भरपूर असतील तर लेखिकेने तान्ह्या बाळाला कपडे घातलेले नसावेत!

टोपड्याला लांब बंद, बोट अडकेल एवढी जाळी, आतल्या बाजूने लोंबणारे रंगीत धागे, तोंडात जाईल अशी केसाळ लोकर, हे सगळं फोटोत गोड दिसतं. या गोष्टींबद्दल सावधगिरीचा एक शब्दही नसलेलं बाळांचं पुस्तक मी घेणार नाही. धुण्याविषयी लिहिलंय का तेही पाहा. बाळाचा कपडा हाताने, कोमट पाण्यात, सावलीत, असं रोज कोण करणार?

फार स्वस्त नवी पुस्तकं दिसतात. घ्यावीत का?

सांभाळून. मागणीनुसार छापल्या जाणाऱ्या पुस्तकांत आता यंत्राकडून (एआयकडून) लिहून घेतलेली पुस्तकंही आली आहेत. मुखपृष्ठावरचा स्वेटर मोठा करून पाहा. टाक्यांचे उभे रकाने मधेच विरघळत असतील, वेणी कुठूनही कुठे जात असेल, तर ती वस्तू कधीच विणली गेलेली नाही. लेखिकेचं दुसरं कुठलंही काम सापडत नसेल, आतल्या पानांचा एकही नमुना दाखवला नसेल, तर सोडून द्या. आतली पानं मिळालीच तर एका ओळीचे टाके मोजा. ओळीच्या शेवटी सांगितलेली संख्या जुळते का? प्रामाणिक पुस्तकात जुळते.

व्हॉट्सअ‍ॅप गटात पुस्तकांच्या पीडीएफ फिरतात. त्या वापरल्या तर?

वापरू नका आणि पुढे पाठवू नका. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. एका स्वेटरचे आकडे दहा मापांत बसवायला, तपासायला आणि विणून पाहायला महिने जातात, आणि लेखिकेचं पोट त्यावर चालतं. फुकट आणि रीतसर हवं असेल तर हक्क संपलेली जुनी पुस्तकं आहेत. लेस्टरचे बिशप रिचर्ड रट यांनी १९८७ मध्ये हातविणकामाचा इतिहास लिहिला. त्यांनी जमवलेली पुस्तकं आता साउथॅम्प्टन विद्यापीठाकडे आहेत आणि त्यातली व्हिक्टोरियन काळातली पुस्तकं विद्यापीठाने ऑनलाइन खुली केली आहेत. किनारी आणि जाळ्यांसाठी ती खजिना आहेत. मात्र त्या काळात गेज देण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे अंगात घालायचे कपडे त्यावरून विणू नका.

परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवायचं आहे. त्यांना काय सांगू?

नुसतं नाव सांगू नका, त्या आवृत्तीवर छापलेला आयएसबीएन क्रमांक पाठवा, म्हणजे हवी तीच आवृत्ती येईल. हायेट यांच्यासारखं सातशेहून जास्त पानांचं पुस्तक असेल तर वजनाची कल्पना आधी द्या, सामानात जागा काढावी लागते. आणि तुमची मुलगी किंवा वहिनी तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाची सभासद असेल तर आधी तिला ते घरी आणायला सांगा. व्हिडिओ कॉलवर मापांच्या आकृतीचं पान, गेजचं पान आणि तुम्हाला आवडलेले चार नमुने पाहून घ्या. चार सापडले तर मागवा.